भोपळ्याची वंशावळ

लेकीकडे निघालेली म्हातारी भोपळ्यात बसून वाघाच्या तावडीतून सुटते, ही गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर शोधूनही सापडणार नाही. माणूस मावेल एवढा भोपळा ही मात्र कल्पनेची भरारी, असेच आपण धरून चालतो. वस्तुतः कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, विंडसर या लहानशा गावी, १९९९ सालापासून अनेक वर्षे भोपळे कोरून त्यांच्या होड्या करण्याची आणि त्यांत बसून तळे वल्हवत पार करण्याची शर्यत भरत असे. म्हातारीचा भोपळा जमिनीवरून धावला, हे पाण्यावरून जातात, एवढाच काय तो फरक!

हे महाकाय भोपळे निसर्गाची लहर म्हणून उपजलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बियाणे निवडून माणसाने ते घडविले आहेत. कॅनडातीलच विल्यम वॉरनॉक यांनी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ४०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १८१ किलोंचा भोपळा ठेवला, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. पुढे जवळजवळ पाऊण शतक हा आकडा फारसा हलला नाही. त्यानंतर विंडसरचे शेतकरी हॉवर्ड डिल पुढे आले. वर्षानुवर्षे निवड आणि संकर करून त्यांनी ‘अटलांटिक जायंट’ हे वाण सिद्ध केले आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जगज्जेतेपद मिळविले. १९९६ साली १,००० पौंडांची व २०१२ साली २,००० पौंडांची मर्यादा ओलांडली गेली. २०२३ साली अमेरिकेत २,७४९ पौंडांचा, तर २०२५ साली इंग्लंडमध्ये २,८१९ पौंडांचा, म्हणजे सुमारे १,२७९ किलोंचा भोपळा काट्यावर चढला. या बहुतेक सर्व विक्रमवीरांचे कूळ शोधीत गेल्यास ते डिल यांच्या वाणाशी जाऊन पोहोचते.

कूळ हा शब्द आम्ही थट्टेने योजलेला नाही. या छंदातील मंडळी बियांची वंशावळ आपल्याकडील कुलवृत्तांताइतक्याच निष्ठेने जपतात. फळाचे वजन, पिकविणाऱ्याचे आडनाव आणि साल मिळून बियाणाचे नाव होते; उदाहरणार्थ, ‘२००९ वॉलेस २०१२’. पुढे आईबापांची नावे येतात. आधी आईचे, म्हणजे ज्या वेलावर फळ धरले त्याचे. मग गुणाकाराची फुली. आणि नंतर ज्याचे पराग घेतले त्या बापाचे.

आता खरा प्रश्न निवडीचा. अशा एका वेलाला हजार चौरस फूट जमीनही पुरेशी होते असे नाही. त्यावर अखेरीस एकच फळ राखायचे आणि हंगाम वर्षातून एकदाच. जागा दोनतीन वेलांची आणि हाती बिया मात्र पन्नास नामांकित घराण्यांच्या! चुकीचे बी पेरले तर वर्ष वाया जाते. तेव्हा नवखा माणूस सर्वांत जड फळाच्या बीकडे धाव घेतो. येथेच तो फसतो. फळाच्या वजनात वंशाचा वाटा असतो तसा माती, हवा आणि माळ्याच्या मेहनतीचाही असतो. आणि ही मेहनत बीमध्ये उतरत नाही. म्हणून जाणते लोक, फळ केवढे होते हे विचारण्यापूर्वी, त्याच्या बियांनी दुसऱ्यांच्या मळ्यांत काय करून दाखविले हे विचारतात. ‘२१४५ मॅकमुलन’ हे २०१५ सालचे फळ तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा बरेच हलके होते. परंतु त्याच्याच बीपासून २०१६ साली बेल्जियमच्या विलेमाइन्स यांनी २,६२४ पौंडांचा नवा विक्रम केला. थोरवी लेकरांवरून ठरली!

दुसरी कसोटी गुणदोषांच्या जुळणीची. आखूडशिंगी, बहुदुधी गाय जशी दुर्मिळ, तसाच सर्वगुणसंपन्न भोपळाही. एखाद्या घराण्याची फळे बांध्याने अजस्र, पण आतून पोकळ; दुसऱ्याची आकाराने बेताची, पण जाड गराची व मापाच्या अंदाजापेक्षा काट्यावर जड भरणारी. तिसऱ्याचा नारिंगी रंग डोळ्यांचे पारणे फेडतो, पण देठाशी तडकण्याची खोड असते; आणि तडा आतल्या पोकळीपर्यंत गेला की फळ स्पर्धेतून बाद! यास्तव एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी आणि एकच दोष दोन्हीकडे नसावा, हे सूत्र. उलट, वाण उत्तम ठरले असेल तर त्याच वेलाचे पराग त्याच्याच मादी फुलाला देऊन गुण स्थिर करता येतात. हा सगोत्र विवाह भोपळ्याला फारसा बाधत नाही.

क्रिया सोपी आहे. दुसऱ्या दिवशी उमलणारे मादी फूल (पाकळ्यांखाली इवलेसे फळ असलेले) आदल्या संध्याकाळी दोऱ्याने अलगद बांधावे. निवडलेले नर फूलही तसेच बांधावे. सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावेत आणि फूल पुन्हा बांधावे, म्हणजे मधमाशी परका पराग आणणार नाही. मग देठाला खुणेचा दोरा बांधून वहीत नोंद करावी.

मौज अशी की, या साऱ्या खटाटोपाचा त्या वर्षीच्या फळावर परिणाम होत नाही. फळाचा रंग, आकार, गर हे आईकडून ठरलेले असतात. बापाचे गुण केवळ आतील बियांत उतरतात. म्हणजे पहाटे उठून केलेली ही जुळवाजुळव पुढील पिढीसाठी असते, आणि पुष्कळदा ते बी दुसऱ्याच कुणाच्या अंगणात रुजते. आम्हा शिक्षकांना हा अनुभव नवा नाही.

आपल्याकडील लाल भोपळा बहुधा याच्या चुलत जातीचा. दोन्ही कुळे मूळची अमेरिका खंडांतील. परंतु इंदूरला कद्दू, बडोद्यात कोळुं अशी नावे घेत तो इथलाच होऊन गेला, जसे आपण. भरीत, घारगे आणि सांबार यांत त्याचे परकेपण कुणाला आठवते? आजीच्या वेळचे गोड गराचे वाण अजून ज्यांच्या परसात तग धरून आहे, त्यांनी यंदा एक तरी फूल दोऱ्याने बांधावे. फळ पूर्ण पिकू द्यावे. बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि पुडीवर आई, बाप व साल लिहून एक पुडी शेजारी, एक लेकीच्या सासरी धाडावी. एकाच घरी राहिलेले बी एका वाईट पावसाळ्यात नष्ट होते. वाटलेले बी कोठे ना कोठे उरते.