कृत्यावरून कर्त्याकडे

हिंसक कृत्याचे चित्रण करणारा कादंबरीकार सामान्यतः कर्त्याकडून कृत्याकडे जात असतो. माणूस त्याला आधी दिसतो आणि त्या माणसाच्या हातून काय घडेल हे मागाहून उमगते. पोलिसांच्या वाट्याला नेमकी उलट वाट येते. त्यांच्यापुढे कृत्य असते, कर्ता नसतो. घटनास्थळ, जखमा, पत्रे, वेळेची आणि जागेची निवड एवढ्यावरून अज्ञात माणसाचे वय, व्यवसाय, स्वभाव आणि हेतू यांचे चित्र उभे करण्याच्या प्रयत्नाला गुन्हेतपासाच्या परिभाषेत ‘प्रोफाइलिंग’ म्हणतात. मराठीत त्याला गुन्हेगाराचे व्यक्तिचित्र म्हणावयास हरकत नाही. एकदा तसे म्हटले म्हणजे मात्र हा विषय केवळ पोलीसखात्याचा राहत नाही. व्यक्तिचित्र पटणे आणि ते खरे असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न समीक्षेलाही टाळता येणार नाही.

न्यायदर्शनात कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या तर्काला ‘शेषवत्’ अनुमान म्हटले आहे. नदीला पूर आलेला पाहून वर कोठे तरी पाऊस झाला असला पाहिजे असे आपण म्हणतो, हे त्याचे परंपरागत उदाहरण होय. पण न्यायसूत्रांनी त्यावरील आक्षेपही नोंदवून ठेवला आहे : प्रवाह पुढे अडला तरीही पाणी चढतेच. त्याला उत्तर असे की, नुसते पाणी चढणे म्हणजे पूर नव्हे; वेग, फेस, वाहून आलेली पाने, फळे आणि लाकडे ही विशेष चिन्हे दिसली तरच पावसाचे अनुमान धरावे. गुन्हेगाराच्या व्यक्तिचित्राची सारी भिस्त याच विवेकावर आहे. हाती आलेले चिन्ह विशेष आहे की सामान्य?

या शास्त्राची प्रसिद्ध आख्यायिका न्यूयॉर्कची आहे. १९४० ते १९५६ या काळात, युद्धामुळे पडलेला खंड वगळता, एक अज्ञात माणूस त्या शहरातील नाट्यगृहे, रेल्वेस्थानके यांसारख्या सार्वजनिक जागी स्वतः बनविलेले बाँब ठेवीत होता. शहराला वीज पुरविणाऱ्या कंपनीविरुद्ध त्याची पत्रे कडवट तक्रारींनी भरलेली असत. १९५६ च्या अखेरीस पोलिसांनी ती जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञांपुढे ठेवली. हा मध्यमवयीन, अविवाहित, नीटनेटका आणि संशयग्रस्त माणूस आहे, असे त्यांनी सांगितले. पकडाल तेव्हा त्याच्या अंगात बटणे लावलेला दुहेरी छातीचा कोट असेल, असेही ते म्हणाले, अशी कथा आहे. १९५७ च्या जानेवारीत जॉर्ज मेटेस्की पकडला गेला आणि ठाण्यावर निघताना त्याने खरोखरच तसा कोट चढविला.

तथापि कोटाची ही गोष्ट जगभर गेली ती ब्रसेल यांच्या १९६८ च्या पुस्तकातून. अटकेपूर्वी वृत्तपत्रात छापून आलेल्या वर्णनात बाँबवाल्याचे वय चाळीस ते पन्नास होते; मेटेस्की त्रेपन्न वर्षांचा होता. चुकलेली अनुमाने विस्मरणात जातात आणि साधलेली आख्यायिका होतात. शिवाय त्याचा प्रत्यक्ष माग लागला तो वेगळ्याच मार्गाने. १९३१ साली कामावर असताना मेटेस्की जखमी झाला होता आणि त्याचा भरपाईचा दावा नाकारला गेला होता. त्या दाव्याच्या जुन्या कागदांत कंपनीच्या एका कारकून बाईंना बाँबवाल्याच्या पत्रांतील शब्दप्रयोग आढळले. अनुमानाला येथे पूर गवसला. स्वभावाच्या वर्णनाने जे साधले नाही, ते दोन संहिता शेजारी ठेवून शब्द ताडून पाहिल्याने साधले.

पुढे एफ.बी.आय.ने १९७२ साली क्वांटिको येथे वर्तनविज्ञानाचा विभाग स्थापला. रॉबर्ट रेस्लर आणि जॉन डग्लस यांनी तुरुंगातील ३६ लैंगिक खुन्यांच्या मुलाखती घेतल्या आणि खुन्यांची ‘सुसंघटित’ व ‘विस्कळीत’ अशी विभागणी रूढ झाली. २००४ साली डेव्हिड कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मालिका-खुन्यांची १०० कृत्ये तपासली, तेव्हा हे दोन गट वेगळे पडलेच नाहीत. ज्यांना सुसंघटितपणाची लक्षणे म्हणत, ती बहुतेक सर्वांत कमीअधिक आढळली. पाणी चढले होते. पुराची चिन्हे नव्हती.

मग हिंसेच्या प्रेरणेविषयी काहीच सांगता येत नाही काय? तसे नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांत मनोविकारतज्ज्ञ म्हणून वर्षानुवर्षे काम केलेल्या जेम्स गिलिगन यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, गंभीर हिंसेच्या मुळाशी बहुधा अपमानाची जाळणारी लाज असते आणि हिंसा हा ती पुसून टाकण्याचा उपाय वाटतो. मेटेस्कीची कहाणी या विवेचनाशी सहज जुळते. परंतु अपमान असंख्यांच्या वाट्याला येतो आणि बाँब एखादाच ठेवतो. हेतूचा सिद्धान्त सापडलेल्या माणसाला समजून घेण्यास उपयोगी पडतो; न सापडलेल्याला ओळखण्यास तो पुरत नाही. सैबेरियाच्या बंदिवासात गुन्हेगारांबरोबर चार वर्षे राहिलेल्या डोस्टोव्हस्कीने रस्कोल्निकोव्हच्या खुनाला दारिद्र्य, बहिणीची चिंता, असामान्य पुरुषाची कल्पना असे अनेक हेतू दिले आणि त्यांतील एकावरही शेवटची मोहोर उमटविली नाही, याचे मर्म येथे आहे.

त्याच लेखकाच्या ‘करामाझोव्ह बंधू’ (१८८०) या कादंबरीतील खटल्यात सरकारी वकील दिमित्रीचे मानसशास्त्रीय चित्र मोठ्या ताकदीने रंगवितो. बचावाचा वकील त्याच मानसशास्त्राने उलट निष्कर्ष काढून दाखवितो. तरी पंच दिमित्रीलाच दोषी ठरवितात. खरा खुनी आदल्या रात्रीच गळफास घेऊन मेलेला असतो.

ही केवळ कादंबरी राहिली नाही. १९९२ च्या जुलैत लंडनमधील विम्बल्डनच्या माळावर एका तरुण आईचा तिच्या दोन वर्षांच्या मुलादेखत खून झाला. मानसशास्त्रज्ञाने खुन्याचे चित्र रेखाटले आणि पोलिसांची दृष्टी जवळच राहणाऱ्या एका एकाकी माणसावर स्थिरावली. एका महिला पोलिसाने ओळख लपवून महिनोन्‌महिने त्याच्याशी पत्रव्यवहार केला आणि चित्रात अपेक्षिलेल्या विकृत कल्पना त्याच्याकडून लिहवून घेतल्या. चित्रावरून माणूस शोधण्याऐवजी माणसाला चित्राबरहुकूम लिहावयास लावले गेले! १९९४ च्या सप्टेंबरात न्यायाधीशांनी हा पुरावा फेटाळला; तोवर त्या निरपराध माणसाने वर्षाहून अधिक काळ कोठडीत काढला होता. खरा खुनी रॉबर्ट नॅपर याने कबुली दिली ती २००८ साली. दरम्यान, १९९३ च्या नोव्हेंबरात, त्याने आणखी एका आईचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीचा बळी घेतला होता.

आपल्या कायद्यात या बाबतीत एक सूक्ष्म भेद आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने गुन्ह्याचा हेतू हा विचारात घेण्याजोगा मानला. आरोपीचे वाईट चारित्र्य मात्र, काही अपवाद वगळता, गैरलागू ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हा भेद राखला आहे. ‘याला कारण होते’ असे म्हणणे निराळे आणि ‘हा तसलाच माणूस आहे’ असे म्हणणे निराळे, हे त्याचे सार होय.

व्यक्तिरेखा सुसंगत असावी अशी अपेक्षा आपण समीक्षक बाळगतो, आणि कलाकृतीपुरती ती योग्यही आहे. कादंबरीतील माणूस सुसंगत निघाला तर लेखकाचे यश. आरोपीचे चित्र सुसंगत निघाले तर तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. उलट, ते फार सुरेख जमले असेल तर ते कोणी जमविले आणि त्यासाठी काय वगळले, हे विचारावयास हवे. संहिता वाचण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी तरी हा प्रश्न विचारल्यावाचून राहू नये.