बोथट वाटणारी कात्री : रबर, स्क्रू आणि गैरसमज

केस कापायच्या कात्रीत पात्यांखेरीज काही छोटे भाग असतात आणि ते बदलता येतात : दोन कड्यांच्या मधले रबर, सांध्यावरचा टेन्शन स्क्रू, त्याखालची नायलॉनची चकती, करंगळी टेकवायचा आकडा आणि कड्यांच्या आतल्या रबरी रिंगा. कात्री केस ओढू लागली की दोष धारेला दिला जातो आणि कात्री धारवाल्याकडे जाते. पुष्कळदा धार शाबूत असते. बिघाड या छोट्या भागांत असतो.

रबर फक्त खटखट थांबवण्यासाठी असते, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. त्याचे खरे काम कात्री कुठे थांबावी हे ठरवण्याचे आहे. रबर झिजले किंवा गळून पडले की पाती गरजेपेक्षा जास्त मिटतात, टोके एकमेकांना ओलांडतात आणि उघडी पडलेली धार बोटाला किंवा गिऱ्हाइकाच्या कानाला लागू शकते. उलट रबर जाड असेल तर टोके पूर्ण मिटत नाहीत आणि पात्यांचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर केस कापतच नाहीत. कारागिराला वाटते, टोक बोथट झाले. मग धार लावताना पाते आणखी अरुंद होते, मिटण्याची जागा सरकते आणि तेच रबर आता अधिकच जाड ठरते. म्हणून धार लावून आलेल्या कात्रीची टोके जुळतात का, हे आधी पाहावे आणि गरजेप्रमाणे रबर किंचित कापावे. नवे रबर बसवताना भोकात अडकलेला जुना देठ सुईने काढावा. झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. त्याने पुढच्या वेळी रबर निघत नाही. सांध्याचे तेल रबरावर ओघळू देऊ नये, कारण खनिज तेलाने साधे रबर फुगते.

स्क्रू जितका घट्ट तितकी कात्री चांगली, ही समजूतही चुकीची. घट्ट स्क्रूने धारा एकमेकींवर घासून लवकर झिजतात आणि अंगठा दुखतो. ढिल्या स्क्रूने केस पात्यांत मुडपतो, धारा एकमेकींवर आदळून खाचा पडतात. तपासणी सोपी आहे : एक कडी धरून दुसरे पाते काटकोनात उघडावे आणि सोडून द्यावे. ते अर्ध्याच्या आसपास थांबले तर ताण योग्य. पूर्ण मिटले तर स्क्रू ढिला, हलेच ना तर घट्ट. स्क्रू एकदम पिळू नये, थोडा थोडा फिरवून पुन्हा तपासावे.

पुण्याजवळच्या रावेतच्या आसपासचा भाग कारखान्यांचा. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात स्क्रू आणि ग्राइंडिंग दोन्ही सहज मिळतात, म्हणून कोणताही बसेल तो स्क्रू चालतो असे वाटते. पण सांध्याच्या स्क्रूचा वरचा दांडा गुळगुळीत असतो, आटे फक्त खाली असतात. पूर्ण आट्यांचा स्क्रू पात्याचे भोक कानशीसारखा खातो आणि सांधा कायमचा खिळखिळा होतो. शिवाय कंपनीगणिक आटे वेगळे असतात, तेव्हा जुना स्क्रू नेऊनच नवा घ्यावा. टूलरूममधल्या सपाट ग्राइंडरवर धार लावणे याहून घातक. पात्याची आतली बाजू मुद्दाम पोकळ घडवलेली असते. ती सपाट झाली की पाती धारेऐवजी अंगभर घासतात. कोरड्या घासणीत धार निळी पडली तर पोलादाचा कडकपणाही जातो. कापडाच्या कात्रीला सोसणारी घासणी केसांच्या कात्रीला सोसत नाही.

तेल कोणतेही चालते, असेही म्हटले जाते. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठू लागते आणि हिवाळ्यात इथल्या पहाटे त्याहून बऱ्याच थंड असतात. गोठलेल्या, खवट तेलात केसांचे कण चिकटून सांधा जड होतो. रोज काम संपल्यावर पाती पुसून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, कात्री उघडझाप करावी आणि जादा तेल टिपावे. स्टेनलेस पोलाद गंजत नाही, हे अर्धसत्य आहे : जंतुनाशक ब्लीचमधल्या क्लोराइडने त्यावर बारीक खड्डे पडतात, आणि ते आधी दिसतात स्क्रूखाली, जिथे ओल साचते.

करंगळीचा आकडा दुसऱ्या कडीवर लावला की कात्री डावखुऱ्याची होते, असे काहींना वाटते. उजव्या हाताच्या कात्रीत अंगठ्याचा दाब पाती जवळ आणतो. डाव्या हातात तोच दाब त्यांना फाकवतो. डावखुऱ्याला पातीच उलटी बसवलेली कात्री लागते. कड्यांतल्या रिंगांचे काम एवढेच की बोट सैल खेळू नये. त्या सैल वाटू लागल्या की मापाच्या नव्या घालाव्यात.