मुलाला परदेशी पाठवताय? आधी हिशेब मांडा

उंब्रजच्या बाजारपेठेतील आमचे दुकानदार व कारागीर बांधव मालाचा हिशेब पैशापैशाने ठेवतात. मुलाच्या परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की मात्र फक्त फी विचारतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण-फी नाही. पण सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो साधारणपणे आधीच राखीव खात्यात भरावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. विमानभाडे वेगळेच. अल्पसंख्याकांच्या शैक्षणिक कर्जावर व्याज-सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजनाही २०२२-२३ पासून बंद झाली. म्हणून ऐनवेळी दुकानाचे भांडवल मोडू नका. दोन वर्षे आधीच वेगळी बचत सुरू करा, असे आम्ही सुचवितो.