वाढवण बंदर आणि आपली मासळीची पाटी

ताईंनो, सध्या किनाऱ्यावरच्या गटांच्या बैठकीत बंदराचा विषय निघतोच. म्हणून आधी तो नीट समजून घेऊ.

ट्रकवर दिसते ती मोठी लोखंडी पेटी म्हणजे कंटेनर. जगातली सगळ्यात मोठी जहाजं २० फुटी मापाच्या २० हजारांहून जास्त पेट्या नेतात. असं भरलेलं जहाज पाण्याखाली सुमारे १६ मीटर असतं, म्हणून त्याला खोल पाणी लागतं. डहाणू तालुक्यात वाढवणला किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर खोली आहे. म्हणून ही जागा निवडली. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७६,२२० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली. त्यात ९ कंटेनर टर्मिनल आणि समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे.

भराव पडेल तिथे जाळं टाकता येणार नाही. बोट बहुतेक घरात पुरुषाच्या नावावर असते. पण मासळी विकणारी, बोंबील सुकवणारी बाई कुठल्या कागदावर आहे? भरपाई तर कागद बघूनच ठरते.

म्हणून तीन कामं आजच सुरू करा. रोज किती मासळी घेतली, किती विकली, ते वहीत तारखेसह लिहा. बाजाराच्या पावत्या जपून ठेवा. आणि ग्रामसभेत विचारा: भरपाईच्या यादीत विक्रेत्या बायका आहेत का? नोकऱ्या कोणत्या, कोणाला? उत्तर लेखीच मागा.

बंदर हवं की नको, यावर आपली मतं वेगळी असू द्या. आपलं काम मात्र कागदावर आलंच पाहिजे.