परीकथेतील अरण्य आणि माणसांची वस्ती

चेन्नई शहराच्या दक्षिण अंगास शोळिंगनल्लूर नावाची वस्ती आहे. पूर्वेस बकिंगहॅम कालवा, वायव्येस पळ्ळिकरणैची दलदल आणि मधून जाणाऱ्या राजीव गांधी मार्गाच्या कडेने संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती, असा हा परिसर. २०११ साली तो महानगरपालिकेत सामील झाला. देशाच्या नाना प्रांतांतून तरुण मुले-मुली येथे नोकरीसाठी येतात आणि भाड्याच्या खोल्यांतून राहतात. दिवसभर गर्दीत वावरून रात्री मनातले सांगावयास कोणी नसावे, हा अनुभव अशा वस्तीत नवा नव्हे.

एकट्या वाचकाने पडद्यासमोर बसून वाचावयाचा एक कथाप्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. त्यास ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हणतात. मराठीत चित्रकादंबरी म्हणावयास हरकत नाही. पडद्यावर स्थळाचे चित्र असते, त्यावर पात्रे उभी राहतात आणि खालच्या चौकटीत मजकूर उमटतो. कळ दाबली की पुढले वाक्य येते. साथीला संगीत असते. मध्येच कथा थांबते आणि वाचकालाच विचारते, ‘आता हिने काय करावे?’ कीर्तनकाराने आख्यान थांबवून श्रोत्यांचा कौल घ्यावा, तसाच हा प्रकार. उत्तराप्रमाणे कथेला फाटे फुटतात आणि शेवटही बदलतो. १९८० नंतर जपानात हा प्रकार वाढीस लागला. पुढे २००४ साली ‘रेनपाय’ हे विनामूल्य साधन उपलब्ध झाले आणि दोन-चार हौशी माणसांनाही अशी कादंबरी रचता येऊ लागली.

२०१९ साली निघालेली ‘हार्ट ऑफ द वुड्स’ ही अशीच एक कादंबरी. अद्भुताचा शोध घेणाऱ्या दोन मैत्रिणी एका बर्फाळ गावी येतात. तेथील अरण्यात दोनशे वर्षे एकाकी भटकणारी ॲबिगेल नावाची मुलगी आहे. ती पिशाच्च आहे. मॅडी तिला भेटते, आणि त्या भेटीतून प्रेम उपजते. लोककथेतील भूत सहसा भीतीचे कारण असते. येथे ते एकाकीपणाचे रूप झाले आहे. आपल्याला कोणी पाहत नाही, ऐकत नाही, हेच त्या मुलीचे दुःख आहे.

स्त्रियांच्या परस्परप्रेमाची कथा जपानात जुनी आहे. नोबुको योशिया या लेखिकेने १९१६ पासून अशा कथांची माला लिहिली आणि ती अफाट लोकप्रिय झाली. चियो मोन्मा या सखीबरोबर तिने जवळजवळ अर्धे शतक संसार केला. पण त्या नात्याला कायद्यात नाव नव्हते. म्हणून १९५७ साली तिने सखीला रीतसर दत्तक घेतले. सहचारिणी कागदोपत्री कन्या झाली!

आपल्याकडे विजयदान देथा यांच्या ‘दोहरी जूण’ या राजस्थानी कथेतही दोन स्त्रियांचा संसार आहे. गाव त्यांना नाकारते आणि आसरा देतो तो भुतांचा सरदार. त्याच्या वराने एकीला पुरुषदेह मिळतो. पण त्याबरोबर पुरुषी अरेरावीही येते, आणि अखेर ती पुन्हा स्त्री होणे पसंत करते. मराठी रंगभूमीवर १९८१ साली विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने हा विषय आणला. त्या नाटकात भूतही नाही आणि आसराही नाही. मित्रा आत्महत्या करते. अरण्यात किंवा भुताच्या महालात जे प्रेम तगते, त्याला माणसांच्या वस्तीत जागा सापडत नाही, असेच या कथा सुचवितात.

हा प्रश्न चेन्नईतच न्यायासनापुढे आला. मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून या शहरात आल्या. पालकांनी पोलिसांत तक्रारी केल्या, तेव्हा त्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे संरक्षण मागितले. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी या विषयातील आपले अज्ञान मोकळेपणाने मान्य केले, मानसशास्त्रज्ञाकडून तो समजून घेतला, आणि ७ जून २०२१ रोजी पोलिसी छळापासून संरक्षण देणारा आदेश काढला. अशा व्यक्तींची मनोवृत्ती ‘दुरुस्त’ करण्याच्या तथाकथित उपचारांसही त्यांनी मनाई केली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. तथापि मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेच, कुटुंब स्थापण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नव्हे, असे सांगून एका तरुणीस आपल्या सखीबरोबर जाण्याची मोकळीक दिली.

न्यायालय दाराशी येणाऱ्या पोलिसाला थांबवू शकते. शेजारणीच्या नजरेतील परकेपणा मात्र आदेशाने जात नाही. खोली भाड्याने देणारा घरमालक, सोबत काम करणारी मैत्रीण, दूरच्या गावी फोनची वाट पाहणारी आई, या सर्वांपुढेही कथेतल्यासारखाच प्रश्न उभा असतो, ‘आता काय करावे?’ चित्रकादंबरीत चुकीचे उत्तर दिले, तर मागे जाऊन दुसरे देता येते. वस्तीत ती सोय नसते. म्हणून तेथे उत्तर देणाऱ्याने समोरचे माणूस आधी नीट पाहावे, एवढीच त्या अरण्यातील एकाकी मुलीची मागणी आहे.