बारावीला कमी टक्के आणि इंजिनिअरिंगचा प्रवेश

बारावीच्या निकालात पन्नास-बावन्न टक्के दिसले की बऱ्याच घरांत इंजिनिअरिंगचा विषय त्याच संध्याकाळी मिटतो. तो इतक्या घाईने मिटवू नये. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरतेच लागतात. कोणाला कोणतं कॉलेज मिळणार, हे राज्याच्या कोट्यात एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरतं. बारावीला 52 टक्के आणि सीईटीला 93 पर्सेंटाइल असलेली मुलगी गुणवत्ता यादीत 85 टक्के आणि 88 पर्सेंटाइलवाल्याच्या वर असते.

आधी पात्रता तपासा. इथे एकूण टक्केवारी बघायची नसते, तीन विषयांची बेरीज बघायची असते. भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे. तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा नियमात दिलेल्या यादीतला दुसरा एखादा, म्हणजे जीवशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, संगणकशास्त्र वगैरे. खुल्या गटाला या तिघांत मिळून 45 टक्के म्हणजे 300 पैकी 135 गुण हवेत. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना 40 टक्के, म्हणजे 120 पुरतात. समजा, भौतिकशास्त्रात 41, गणितात 38 आणि रसायनशास्त्रात 53 पडले. बेरीज 132, तीन गुणांनी दार बंद. पण त्याच मुलाला माहिती तंत्रज्ञानात 84 असतील तर तोच हिशेब 163 होतो. गुणपत्रिका हातात घेऊन ही बेरीज सगळ्या शक्य विषयांनी करून बघा. विषयांची यादी मात्र त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतूनच पडताळा.

सवलतीच्या गटातून अर्ज असेल तर जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रं आधीच काढून ठेवा. ती वेळेत जमा झाली नाहीत तर अर्ज खुल्या गटात जातो आणि 128 गुणांचं मूल अपात्र ठरतं. कागदापायी वर्ष जाणं फार लागतं मनाला.

पुढचं काम कट-ऑफ वाचण्याचं. मागच्या वर्षीच्या याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात आणि त्यात ‘जीओपीईएनएस’, ‘एलओपीईएनएच’ अशी अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच असेल तर कॉलेज ज्या विद्यापीठात येतं त्याच्या हद्दीतले विद्यार्थी, ओ असेल तर हद्दीबाहेरचे, एस असेल तर राज्यपातळी. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेत या रकान्यांमध्ये बराच फरक असू शकतो. त्यामुळे “त्या कॉलेजचा कट-ऑफ किती?” असं विचारण्यात अर्थ नाही, आपला रकाना कोणता, तो शोधायचा. मुलींनी जी आणि एल दोन्ही बघावेत. पहिल्या फेरीचा आकडा बघून धीर सोडू नका, शेवटच्या फेरीचाही बघा.

मग पर्याय भरायचे. वाटप होतं ते असं: संगणक गुणवत्ता क्रमांकाने एकेकाला घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल ती देतो. कॉलेज वर लिहिलं म्हणून तिथे झुकतं माप मिळत नाही, आणि आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिल्याने खालचं हुकत नाही. म्हणून क्रम खऱ्या आवडीचाच ठेवा: वर थोडी अवघड कॉलेजं, मध्ये आपल्या पर्सेंटाइलच्या आसपासची, खाली नक्की मिळतील अशी भरपूर. कमी पर्सेंटाइलवाल्यांचं नुकसान मी सर्वांत जास्त इथेच होताना बघतो. पाच-सहा नावं भरून थांबतात आणि हाती काहीच लागत नाही. मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो, त्यामुळे तिथे नको असलेली शाखा टाकू नका. खालचा पर्याय मिळाला तर जागा राखून पुढच्या फेरीत चांगल्यासाठी थांबता येतं. कोणत्या फेरीत किती पर्यायांपर्यंत सक्ती आहे, हा नियम बदलत असतो, तो दरवर्षी नव्याने वाचा.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा कॉलेजं जाहिरात देऊन संस्थास्तरावर भरतात. पात्रतेची बेरीज जमत असेल आणि सीईटीत शून्याहून अधिक गुण असतील तर तिथेही अर्ज करता येतो. या फेरीत अर्ज वेगळा, कॉलेजागणिक द्यायचा असतो. फी भरण्याआधी शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला ठरवून दिलेली रक्कम बघा आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.