वाण्याच्या यादीतले आरोग्य

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गृहिणी वाण्याची यादी लिहावयास बसते, तेव्हा घरातल्या माणसांच्या प्रकृतीचा निम्मा निकाल त्याच कागदावर लागत असतो. डॉक्टर आजार झाल्यावर भेटतो. वाणी दर महिन्यास भेटतो. आमच्या घरी खाणारी माणसे चार आणि मिळवता हात एक. सासूबाईंना मधुमेह, मुलगी वाढत्या वयाची. त्यामुळे 'पौष्टिक' या शब्दाला दुकानात काय भाव पडतो, हे मला नीट ठाऊक आहे; आणि तो भाव बहुतेक वेळा अकारण असतो, असे माझे मत बनत चालले आहे.

या बाबतीत आपण हैदराबादकर भाग्यवान आहोत. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे एका खोलीत सुरू केलेले अन्नसंशोधनाचे काम १९५८ साली आपल्या शहरात आले आणि आज तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने चालू आहे. या संस्थेने २०२४ साली आहाराच्या सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. त्यांत एका माणसाच्या दिवसभराच्या ताटाचे माप दिले आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारखा सुका जिन्नस ३५ ग्रॅम आणि तेलतूप २७ ग्रॅम. मांसाहार करणारे डाळीचा काही वाटा अंडी-मासळीने भागवू शकतात. वय आणि कष्ट यांप्रमाणे माप थोडे पुढेमागे व्हायचेच.

हे माप मी चौघांनी आणि तीस दिवसांनी गुणून पाहिले. धान्य तीस किलो, डाळी-कडधान्ये दहा किलो, शेंगदाणे-तीळ चार किलो, तेलतूप मिळून सव्वातीन किलो. वाचकभगिनींनी हा हिशेब आपल्या यादीशी ताडून पाहावा. माझ्या ओळखीच्या घरांत तेल पाच-सहा किलो येते, साखर तीन-चार किलो, आणि डाळ मात्र चार किलोंच्या पुढे सहसा जात नाही. दोन किलो तेल कमी केले, तर त्याच पैशांत अडीच-तीन किलो अख्खे मसूर घरी येतात. नवा पैसा न घालता ताट सुधारण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

डाळ म्हणजे तूरच, ही आपली जुनी सवय. पण तुरीचा भाव चढला की डाळीचे माप उतरते आणि वरण पातळ होत जाते. आमच्या आजेसासूबाई मराठवाड्यातून आल्या होत्या. त्यांच्या फडताळात तुरीशेजारी मूग, मटकी, मसूर, हरभरा आणि हुलगे असत. आज दोन दिवस तूर, उद्या मटकीची उसळ, परवा हुलग्याचे माडगे, अशी फिरती ठेवली की खर्च आटोक्यात राहतो. बेगम बाजारात चार शेजारणींनी मिळून कडधान्य घेतले, तर भावातही फरक पडतो. मात्र ते कोरडे आहे ना, किडीचा वास नाही ना, हे मूठभर हातावर घेऊन पाहावे.

धान्याची कथा थोडी खेदाची आहे. शहरात स्थिरावल्यावर आपल्या पुष्कळ घरांत पोळी-भात प्रतिष्ठेचा झाला आणि भाकरी गावाकडची ठरली. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा दहा ग्रॅम असतो; सडलेल्या पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नाही. नाचणीत चुना साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, तर त्या तांदळात दहाच्या आत. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगाने साजरे केले, आणि टाकून दिलेली भाकरी 'मिलेट' या नावाने चकचकीत डब्यात परतली. ज्वारी आता पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही, हे खरे. म्हणून डब्यातले पीठ न घेता धान्य घ्यावे, निवडावे आणि गिरणीतून थोडे थोडे दळून आणावे. शिळ्या पिठाची भाकरी थापताना तुटते, हे काय सांगावयास हवे?

भाजीसाठी १९९९ च्या जानेवारीत सुरू झालेले रयतू बाजार आहेत. मेहदीपट्टणम् किंवा एर्रागड्ड्याच्या बाजारात दर फळ्यावर लिहिलेले असतात आणि माल शेतकरी स्वतः विकतो. अंबाडी, चुका, माठ, मेथी, शेवग्याचा पाला, यांच्या जुड्या संध्याकाळी आणखी उतरतात. अंबाडीच्या भाजीत शेंगदाणे आणि लसणाची फोडणी घातली की आपले आणि तेलुगू शेजाऱ्यांचे एकमत होते! पालेभाजीतील लोह अंगी लागावे म्हणून ताटात लिंबाची फोड ठेवावी आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

महाग ते गुणकारी, हा समज तर पार काढून टाकावा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिने तेवीस ग्रॅम, बदामात अठरा. आणि एका किलो बदामाच्या पैशांत शेंगदाणे चार-पाच किलो येतात. पेरूत 'क' जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या वर, तर कागदात गुंडाळून येणाऱ्या सफरचंदात पाचसुद्धा नाही. मुलीच्या डब्यात मी हंगामात पेरू देते. मैत्रिणी वाटा मागतात, यावरून तो त्यांनाही रुचतो असे दिसते.

राहता राहिली बिस्किटे आणि 'आरोग्यदायी' म्हणवणारी पाकिटे. पाकिटावरचे चित्र न पाहता मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. कायद्याप्रमाणे तेथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. पहिली तीन नावे मैदा, साखर आणि पामतेल ही असतील, तर पुढे नाचणीचे नाव आले काय आणि न आले काय, सारखेच. ते पैसे जवस-तिळाच्या चटणीकडे वळवावेत.

पुढच्या महिन्याची यादी लिहिताना भगिनींनी तेल आणि साखर यांच्यापुढचे आकडे प्रथम खोडावेत, वाचलेल्या पैशांत डाळ व भाजी वाढवावी, आणि उरल्यास एक किलो ज्वारी घालावी. घरात कुरकुर होईल. पहिले आठ दिवस ती ऐकून घ्यावी. गरम भाकरी, हुलग्याचे माडगे आणि जवसाची चटणी पानात पडल्यावर ती फार दिवस टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.